मास्तरांची पुस्तकयादी : कोणत्या वयात काय वाचावे?

वार्षिक परीक्षा संपल्या की शाळेच्या फाटकाशी पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : ‘सुट्टीत मुलाला वाचायला काय द्यावे?’ बहुतेक वेळा शिक्षकांकडून मिळणारे उत्तरही ठरलेले असते. ‘श्यामची आई’, इसापनीती आणि थोरामोठ्यांची चरित्रे. ही पुस्तके वाचण्याजोगी आहेत यात शंका नाही. परंतु पाच वर्षांचे मूल, दहा वर्षांचे मूल आणि पंधरा वर्षांचा कुमार या तिघांनाही एकच यादी देणे म्हणजे तिघांच्या अंगाला एकाच मापाचा सदरा शिवण्यासारखे आहे. सदरा अंगाला बसला नाही की मूल तो घालत नाही आणि मग ‘हल्लीची मुले वाचतच नाहीत’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो.

हा प्रश्न केवळ रंजनाचा नाही. ग्रामीण भागातील मुलांच्या वाचनक्षमतेची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालानुसार, देशातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये निम्म्याच्या आसपास होते. करोनाकाळात शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये ते ४२.८ टक्क्यांपर्यंत घसरले. २०२४ च्या पाहणीत ते काहीसे सावरले, तरी निम्म्याहून कमीच राहिले. शहरांतील अडचण निराळी आहे. इंग्रजी माध्यमात शिकणारी अनेक मराठी मुले घरात अस्खलित मराठी बोलतात, पण मराठीचे एक पान सलग वाचताना अडखळतात. आजीशी बोलता येते, पण आजीच्या कपाटातील पुस्तक वाचता येत नाही, अशी ही पिढी. त्यांच्यासाठी योग्य वेळी हाती पडलेले योग्य पुस्तक हा भाषेशी नाते टिकवणारा एकमेव धागा ठरू शकतो.

यादी करणाऱ्या शिक्षकांची परंपरा

मराठी बालवाङ्मयाचा उगमच मुळी शिक्षणाच्या गरजेतून झाला. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीती’ ही पुस्तके १८२८ मधील. नव्या शाळांतून शिकणाऱ्या मुलांना वाचायला काहीतरी हवे, या निकडीतून ती सिद्ध झाली. पुढे शिक्षण खात्यात नोकरी केलेले विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ हे मासिक सुरू केले, तर वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ सुरू केला. पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचन मुलाच्या हाती दरमहा पडावे, ही कल्पना या मासिकांनी रुजवली.

शिक्षक आणि अवांतर वाचन यांचा संबंध सर्वांत जिवंतपणे दिसतो तो साने गुरुजींमध्ये. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवताना त्यांनी वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ चालवले. मुलांना वाचायला पुरेसे मिळत नाही, तर आपणच लिहावे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ हीदेखील मुलांना रात्री सांगितलेल्या गोष्टींच्या रूपातच आहे. तिच्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे आणि अशा बेचाळीस रात्री त्यात आहेत. हे पुस्तक मुळात ऐकवण्यासाठी आहे, ही गोष्ट ते मुलाच्या हाती नुसते सोपवून मोकळे होणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

शेजारच्या गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी याच सुमारास ‘दिवास्वप्न’ लिहिले. चौथीचा वर्ग प्रयोगासाठी हाती घेणारा त्यातील शिक्षक आरंभी पाठ्यपुस्तक उघडतच नाही. तो गोष्टी सांगतो. गोष्टींची गोडी लागल्यावर पाठ्यपुस्तकांवर खर्च व्हायच्या पैशांतून तो वर्गाचे छोटे ग्रंथालय उभे करतो. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाईंसमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी हा विचार महाराष्ट्रात आणला आणि बोर्डी व कोसबाड येथे तो आदिवासी मुलांपर्यंत पोहोचवला. गोष्ट आधी, पुस्तक नंतर आणि परीक्षा सर्वांत शेवटी, हा क्रम या शिक्षकांनी घालून दिला. पुढील यादीही याच क्रमाला धरून आहे.

ऐकण्याचे वय : तीन ते सहा

या वयात मूल वाचत नाही, ऐकते आणि पाहते. त्यामुळे पुस्तक निवडताना दोनच कसोट्या लावाव्यात : मोठ्याने वाचताना ते कानाला गोड लागते का आणि त्यातील चित्रांवर मुलाची नजर खिळते का. पहिल्या कसोटीला मराठी बालकविता सहज उतरते. विंदा करंदीकर यांनी ‘राणीची बाग’ (१९६१), ‘एकदा काय झाले’, ‘परी ग परी’, ‘अजबखाना’ अशा संग्रहांतून तऱ्हेवाईक प्राण्यांचे आणि अतरंगी माणसांचे एक जगच उभे केले. इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या आणि २००३ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराचा मान मिळालेल्या या कवीने मुलांसाठी लिहिताना कोठेही उपदेशाचा सूर लावला नाही, हे विशेष. मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट यांच्या बालकविताही याच पंगतीतल्या. अर्थ पूर्ण कळला नाही तरी ताल कळतो आणि तालाच्या बोटाला धरून शब्द आत शिरतात.

चित्रपुस्तकांत माधुरी पुरंदरे यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. ‘राधाचं घर’ हा संच आणि ‘यश’ची पुस्तके यांत राजाराणी नाहीत, राक्षस नाहीत. आई, बाबा, आजी, शेजारी आणि रोजचे साधे प्रसंग आहेत. चित्रेही लेखिकेचीच असल्याने शब्द जे सांगत नाहीत ते चित्र सांगते. ‘आपल्या घरासारखे घर पुस्तकात असते’ हा शोध मुलाला लागणे ही वाचनाची खरी सुरुवात होय.

अक्षरांशी मैत्री : सहा ते नऊ

मूल जोडाक्षरांशी झुंजत असते ते हे वय. या काळात जाड पुस्तक देणे म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला थेट खोल पाण्यात ढकलणे. मोठा टाइप, छोटी वाक्ये, पानागणिक चित्र आणि एका बैठकीत संपणारी गोष्ट, असे पुस्तक हवे. नॅशनल बुक ट्रस्टची ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालिका या दृष्टीने आजही उपयोगी पडते. किंमत परवडणारी आणि विषयांत वैविध्य भरपूर. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम बुक्स’ने पुस्तकांवर वाचनाची पातळी छापण्याची पद्धत आणली. त्यामुळे मुलाची इयत्ता कोणती यापेक्षा त्याला वाचता किती येते, हे पाहून पुस्तक निवडता येते.

पंचतंत्र, इसापनीती, अकबर-बिरबल आणि तेनालीराम यांच्या गोष्टींचीही हीच वेळ. मात्र प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य काय?’ असे विचारण्याचा मोह आवरावा. तात्पर्य विचारले की गोष्टीचा धडा होतो. सुधा मूर्ती यांच्या इंग्रजी कथांचा ‘आजीच्या पोतडीतल्या गोष्टी’ हा मराठी अनुवाद याच वयोगटात चटकन रुळतो. रत्नाकर मतकरी यांची ‘अलबत्या गलबत्या’, ‘निम्मा शिम्मा राक्षस’ यांसारखी बालनाट्ये घरात किंवा वर्गात भूमिका वाटून वाचता येतात. वाचताना अडखळणारे मूल चेटकिणीच्या आवाजात मात्र न अडखळता वाचते, असा अनुभव अनेक शिक्षकांना येतो. त्यामागचे कारण साधे आहे : लक्ष अक्षरांवरून भूमिकेवर गेले की भीती कमी होते.

धाडसाचे वय : नऊ ते बारा

वाचनाचे खरे व्यसन लागते ते या वयात. मुलाला वेग हवा असतो, संकट हवे असते आणि आपल्याच वयाचा नायक हवा असतो. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्या फास्टर फेणेने मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांची ही भूक भागवली. फुरसुंगीहून पुण्यातील विद्याभवन शाळेत आलेला हा किडकिडीत बनेश फेणे सायकलवर टांग टाकून थेट संकटात उडी घेतो. त्याच्यावर १९८० च्या दशकात दूरदर्शन मालिका आणि २०१७ मध्ये चित्रपट आला; पण पुस्तकातील फेणे पडद्यावरच्यापेक्षा अधिक चपळ आहे. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या विज्ञान-साहसकथाही मराठीत आणल्या. त्यांपैकी एखादी फेण्यापाठोपाठ द्यावी, म्हणजे पुण्याच्या गल्लीतून निघालेले मूल चंद्रापर्यंत जाऊन पोहोचते.

ना. धों. ताम्हनकर यांचा ‘गोट्या’ याहून जुना. त्यातील भाषा आणि घरे आजच्या मुलांना अनोळखी वाटतील. परंतु परक्या घरात येऊन प्रामाणिकपणाने आणि हुशारीने सर्वांना आपलेसे करणारा हा मुलगा अजूनही जवळचा वाटतो. दिलीप प्रभावळकर यांचा ‘बोक्या सातबंडे’ शहरी मुलांना चटकन आपला वाटतो. त्याची बंडे खोडकर आहेत, पण त्यांच्या मुळाशी न्यायाची चाड आहे.

अलीकडच्या पुस्तकांसाठी साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्कारांची यादी पाहावी. २०१० पासून दरवर्षी दिल्या जाणाऱ्या या पुरस्कारांत ल. म. कडू यांचे ‘खारीचा वाटा’ (२०१७), सलीम मुल्ला यांचे ‘जंगल खजिन्याचा शोध’ (२०१९), संगीता बर्वे यांचे ‘पियूची वही’ (२०२२) आणि भारत सासणे यांचे ‘समशेर आणि भूतबंगला’ (२०२४) ही पुस्तके आहेत. ‘मराठीत मुलांसाठी आता कोणी लिहीत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी एवढी चार पुस्तके जरी चाळली तरी पुरे.

अडनिडे वय : बारा ते पंधरा

याच टप्प्यावर वाचणारी मुले गळतात. शिकवण्या वाढतात, हाती मोबाइल येतो आणि बालसाहित्य ‘लहान मुलांचे’ वाटू लागते. तर मोठ्यांच्या कादंबऱ्या अद्याप दूर असतात. शिक्षकाची खरी कसोटी लागते ती येथे. या दोहोंमधली दरी भरून काढण्यासाठी माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे कुमार गटाचे भाग उपयोगी आहेत. मराठी साहित्यातील वेचे आणि त्यांच्या जोडीला चित्रकला, शिल्पकला यांचे नमुने, अशी त्यांची रचना आहे. एखादा वेचा आवडला की मूळ पुस्तक शोधावे, एवढाच त्यांचा आग्रह.

प्रकाश नारायण संत यांचा लंपन हा या वयाचा सख्खा सोबती. कराडच्या महाविद्यालयात भूशास्त्र शिकवणाऱ्या संतांनी ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या चार पुस्तकांतून आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या या मुलाचे मन उलगडले. बेळगावच्या परिसरातील कानडी वळणाची मराठी, आईवडिलांपासून दूर असल्याची हुरहुर आणि सुमीविषयी वाटणारे नाव नसलेले काहीतरी, हे सारे बारा-तेरा वर्षांच्या मुलाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. या कथा मुलांविषयी असल्या तरी मुलांसाठी म्हणून लिहिलेल्या नाहीत, हेच त्यांचे बळ. आपल्याला कोणी लहान समजत नाही, याचा मुलांना आनंद होतो.

विज्ञानाकडे ओढा असलेल्यांना जयंत नारळीकर द्यावेत. १९७४ मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवली होती. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती आणि पारितोषिकही मिळवले होते, हा किस्सा मुलांना हमखास आवडतो. ‘यक्षांची देणगी’ (१९७९) या संग्रहातील कथांपासून सुरुवात करावी. चरित्रांत वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) आजही पहिल्या क्रमांकावर आहे. गुलामीत जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेतील टस्कीगी येथे शेतीशास्त्राचे काम उभे करणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांची ही कहाणी वाचून मराठी मुलांच्या अनेक तुकड्या घडल्या आहेत. शिक्षक झालेल्या कित्येकांच्या हाती हे पुस्तक पहिल्यांदा त्यांच्या शिक्षकांनीच ठेवले, असेही आढळते.

उंबरठ्यावर : पंधरा ते अठरा

या वयात मुलांना उत्तरांपेक्षा प्रश्न हवे असतात. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) ही कादंबरी नववीतील मुकुंद जोशी सांगतो. आणीबाणीचा काळ, वर्गातील टवाळकी आणि पहिल्या प्रेमाची चाहूल यांतून ती शाळा नावाच्या व्यवस्थेकडे रोखून पाहते. तिच्यावरील चित्रपट २०१२ मध्ये पडद्यावर आला. काही शाळांना ही कादंबरी ग्रंथालयात ठेवणे अवघड वाटते. प्रत्यक्षात मुले ज्यातून जात असतात त्याविषयी मोठ्यांशी बोलण्याची वाट ती मोकळी करून देते.

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही धनगरांच्या वाडीवरील एकशिक्षकी शाळेत नेमणूक झालेल्या कोवळ्या मास्तराची कथा. छोटी, आटोपशीर आणि एका बैठकीत वाचून होणारी. पहिली ‘मोठ्यांची कादंबरी’ म्हणून याहून योग्य पुस्तक सुचवणे कठीण. त्यांचीच ‘सत्तांतर’ वानरांच्या टोळ्यांतील संघर्षाची कथा सांगते आणि वाचणारा आपसूक माणसांचा विचार करू लागतो. निसर्गाची ओढ असलेल्यांनी मारुती चितमपल्ली यांच्या ‘रानवाटा’ धराव्यात. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’त विनोदाबरोबर करुणेची ओळख होते. त्यातील चितळे मास्तर प्रत्येक शिक्षकानेही पुन्हा एकदा वाचावेत असे आहेत.

शिक्षकांच्या यादीत सर्वाधिक वगळले जाते ते दलित आणि वंचितांचे आत्मकथन. वास्तविक शिक्षणाची किंमत सांगणारी याहून प्रभावी पुस्तके मराठीत नाहीत. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) पोरक्या मुलाने शाळेसाठी सोसलेले हाल सांगते. आनंद यादव यांच्या ‘झोंबी’त (१९८७) शाळेत जाऊ न देणाऱ्या बापाशी आणि गरिबीशी मुलाने घेतलेली झोंबी आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) काही ठिकाणी अस्वस्थ करणारे आहे. ते अकरावी-बारावीत आणि चर्चेची तयारी ठेवून द्यावे. नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ त्याआधी देता येईल. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ याच रांगेत ठेवावीत. रीतसर शाळा न शिकलेल्या बाईने किती नितळ मराठी लिहावी, याचा तो वस्तुपाठ आहे. ज्या मुलाने आपल्यासारखे आयुष्य पुस्तकात कधी पाहिलेच नाही, त्याला ही पुस्तके आधार देतात. ज्याला तसे आयुष्य ठाऊकच नाही, त्याचे डोळे ती उघडतात.

अनुवादांची खिडकी

चांगला अनुवाद हा यादीतला अनिवार्य भाग होय. शांता शेळके यांची ‘चौघीजणी’ (लुइसा मे अल्कॉट), राम पटवर्धन यांचे ‘पाडस’ (मार्जोरी किनन रॉलिंग्ज) आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘एका कोळियाने’ (अर्नेस्ट हेमिंग्वे) ही मराठी वाचकांनी आपलीच मानलेली पुस्तके आहेत. रहस्यकथांत भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स आणि अशोक जैन यांनी अनुवादित केलेल्या सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या कथा आहेत. हॅरी पॉटरही मराठीत उपलब्ध आहे. इंग्रजीतून तो वाचून झालेल्या मुलांना मराठीकडे वळवण्यासाठी हा सोपा पूल ठरू शकतो. कथा माहीत असल्याने अडते ती केवळ भाषा आणि तिच्याशी हळूहळू गट्टी जमते.

एक पुस्तक मात्र मूल, पालक आणि शिक्षक या तिघांनी मिळून वाचावे : तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी ते मराठीत आणले. पहिल्या शाळेने काढून टाकलेली ही जपानी मुलगी रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेत येते. एके दिवशी आणखी एक डबा येतो आणि त्याचे ग्रंथालय होते. कोबायाशी हे मुख्याध्यापक मुलीचे बोलणे तासन्‌तास ऐकून घेतात. ऐकून घेणारा शिक्षकच पुस्तक सुचवू शकतो, हे सूत्र त्यात न सांगता सांगितले आहे.

यादीचे काही पेच

जुन्या पुस्तकांबाबत एक पेच उभा राहतो. त्यांतील घरकाम फक्त मुलींच्या वाट्याला येते, जातींचे उल्लेख सहजपणे केले जातात, छडी म्हणजे माया समजली जाते. अशी पुस्तके टाळावीत का? टाळण्यापेक्षा सोबत बसून वाचणे बरे. ‘तेव्हा असे का होते? आता कसे आहे?’ एवढे दोन प्रश्न पुरतात. ‘श्यामची आई’बाबतही हीच दृष्टी ठेवावी. तिला रडवणारे पुस्तक म्हणून बाजूला सारणे जितके चूक, तितकेच तिला एकमेव संस्कारग्रंथ ठरवणेही चूक. गरिबीचे आणि कोकणातील एका कुटुंबाचे विलक्षण प्रामाणिक चित्र म्हणून ती वाचली, तर आजच्या मुलालाही भिडते.

दुसरा पेच निवडीच्या हक्काचा आहे. फ्रान्समध्ये शिक्षक असलेले लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मधील आपल्या पुस्तकात वाचकाचे दहा हक्क मांडले. न वाचण्याचा, पाने गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा आणि तेच पुन्हा वाचण्याचा हक्क त्यांत आहे. आपल्याकडे नेमका हाच हक्क मुलांना नाकारला जातो. अर्धवट सोडलेले पुस्तक म्हणजे शिस्तभंग, तर चौथ्यांदा वाचलेला फास्टर फेणे म्हणजे वेळेचा अपव्यय! वास्तविक एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणारे मूल वाचनाचा वेग आणि आत्मविश्वास कमावत असते.

यादी वापरण्याच्या काही रीती

पुस्तक अवघड आहे की नाही हे पाहण्याची सोपी युक्ती म्हणजे पाच बोटांची कसोटी. कोणतेही एक पान उघडून मुलाने वाचावे आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दासाठी एक बोट मिटावे. पाचही बोटे मिटली, तर ते पुस्तक सध्या मोठ्यांनी वाचून दाखवावे. एक-दोनच मिटली तर मुलावर सोपवावे.

वाचून झाल्यावर सारांश लिहायला लावू नये. ‘यातले कोण तुला घरी राहायला आलेले आवडेल?’ असा प्रश्न विचारून पाहावा. इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी सुरुवातीला एक पान पालकाने आणि एक पान मुलाने वाचावे. वर्गात दिवसाची शेवटची दहा मिनिटे वाचून दाखवण्यासाठी राखून, ऐन उत्कंठेच्या जागी थांबावे. उरलेले वाचण्यासाठी पुस्तकावर मुलांच्या उड्या पडतात.

पुस्तके मिळवावीत कोठून?

शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय असणे आवश्यक आहे. ते उघडे असते का आणि पुस्तके घरी नेऊ देतात का, हे विचारण्याचा पालकांना अधिकार आहे. ठाण्यातील १८९३ चे आणि मुंबईतील १८९८ चे मराठी ग्रंथसंग्रहालय यांसारख्या जुन्या संस्थांपासून गल्लीतील वाचनालयापर्यंत अनेक ठिकाणी अल्प वर्गणीत पुस्तके मिळतात. पाचगणीजवळचे भिलार हे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. सहलीच्या निमित्ताने मुलांना तेथे अवश्य न्यावे.

विनामूल्य वाचनाची सोयही मोठी आहे. ‘बालभारती’च्या ‘किशोर’ मासिकाचा पहिला अंक नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाला. त्याचे जुने अंक संकेतस्थळावर वाचता येतात. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतील चित्रकथा खुल्या आहेत. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विज्ञान-खेळण्यांसोबत शिक्षण आणि बालसाहित्यावरील मराठी पुस्तकेही आहेत. ‘साधना’चा बालकुमार दिवाळी अंक आणि पालकांसाठी ‘पालकनीती’ यांचीही नोंद घ्यावी.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन, १५ ऑक्टोबर, राज्यात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळाशाळांतून पुस्तकांची प्रदर्शने मांडली जातात. प्रदर्शन आवरल्यावर पुस्तके पुन्हा कपाटात जातात की मुलांच्या दप्तरात, यावर त्या दिवसाचे मोल ठरते. कुलूप लावलेल्या कपाटातील नव्या कोऱ्या पुस्तकापेक्षा हाताळून पाने दुमडलेले, कोपऱ्यावर तेलाचा डाग पडलेले पुस्तक शाळेच्या श्रीमंतीची खरी खूण होय.